लोकसभेची निवडणूक आणि वाडीवरची शाळा

लोकसभेच्या निवडणुकीत शिक्षक जिकडे तिकडे दिसतो. शिक्षण मात्र फारसे कोठे दिसत नाही. मतदारयादी काखेत मारून दारोदार फिरणारा बीएलओ पुष्कळदा शिक्षक असतो. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन, मतदानयंत्राच्या पेट्या सांभाळीत डोंगरातल्या गावी मुक्कामाला जाणारा केंद्राध्यक्ष किंवा मतदान अधिकारीही बहुधा शिक्षकच. मतदान भरते तेही प्राथमिक शाळेच्या खोलीत, भिंतीवरची बाराखडी आणि पाढे जिथल्या तिथे ठेवून. इतकी सगळी निवडणूक ज्याच्या खांद्यावरून जाते, त्याच्या कामाविषयी प्रचारसभेत कोणी दोन वाक्ये बोलेल तर शपथ!

आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बी.एड. करणारे आणि बारावीनंतरच डी.एड.कडे (आता त्याला डी.एल.एड. म्हणतात) वळणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकही त्याच वाटेवरचा. तेव्हा दिल्लीला खासदार पाठवण्याच्या ह्या निवडणुकीचा आपल्या भोर-वेल्ह्याच्या शाळांशी नेमका काय संबंध, हे एकदा नीट मांडून पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू. (वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ साली राजगड झाले. पण तोंडात बसलेले नाव लेखणीतून लगेच जात नाही. येथे जुनेच वापरतो.)

प्रथम, जबाबदारी कोणाची? घटना अमलात आली तेव्हा शिक्षण हा राज्यांचा विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येऊ लागला. २००२ च्या शहाऐंशिव्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत घातला, आणि तो अमलात आणणारा कायदा संसदेने २००९ साली केला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. समग्र शिक्षा योजनेचा खर्च केंद्र व महाराष्ट्र ६० आणि ४० ह्या प्रमाणात उचलतात. शिक्षक किती द्यायचे, कोठे द्यायचे, हे राज्य सरकार ठरवते. आणि शाळा प्रत्यक्ष चालवते ती जिल्हा परिषद.

ह्या वाटणीचा परिणाम असा होतो की खासदाराला विचारावे तर तो मुंबईकडे बोट दाखवतो, आमदार जिल्हा परिषदेकडे, आणि जिल्हा परिषद शासन निर्णयाकडे. पुणे जिल्ह्यात तर ह्या साखळीतली शेवटची कडीच गळालेली होती. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, आणि २०२४ साली लोकसभा व विधानसभा ह्या दोन्ही निवडणुका पार पडल्या तेव्हा तेथे प्रशासकच कारभार पाहत होता. म्हणजे शाळेच्या सर्वांत जवळच्या पातळीवर मत देण्याची सोयच नव्हती. अशा वेळी मतदाराने आपला प्रश्न हाती असलेल्या निवडणुकीत विचारावा, हे मला रास्त वाटते. मग ती निवडणूक दिल्लीची का असेना.

आता २०२४ चेच उदाहरण घेऊ. भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी येतात, आणि तो बारामती लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. निवडणूक आयोगाने १६ मार्च २०२४ रोजी कार्यक्रम जाहीर केला. आपल्याकडे मतदान ७ मे रोजी झाले. दोन्ही प्रमुख उमेदवार एकाच कुटुंबातील. देशभरची वर्तमानपत्रे बारामतीकडे डोळे लावून बसली आणि सारी चर्चा त्या एका घराच्या उंबऱ्यापाशी अडून राहिली. ह्या गदारोळात एक कागद जवळपास निसटला. कार्यक्रम जाहीर होण्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे १५ मार्च २०२४ रोजी, राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने संचमान्यतेचे नवे निकष काढले होते.

संचमान्यता हा शब्द शिक्षकाच्या घरात वाढलेल्यांना ठाऊक असतो, इतरांसाठी सांगतो. दर वर्षी शाळेचा पट मोजतात आणि त्या पटावर शिक्षकांची किती पदे मंजूर, हे ठरते. ती संचमान्यता. पट घसरला तर पद जाते, आणि त्या पदावरचा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असले पाहिजेत. मार्च २०२४ च्या निकषांनी वीसपर्यंत पट असलेल्या शाळेला नियमित शिक्षक एक, आणि दुसरा गरजेप्रमाणे सेवानिवृत्तांतून, असा मार्ग काढला. सहावी ते आठवीच्या वर्गांत पट वीसच्या आत असेल, तर तेथे पद शून्य.

केळदच्या किंवा हिर्डोशीच्या खोऱ्यातली एखादी वाडी डोळ्यांपुढे आणा आणि ह्या निकषाला तेथे नेऊन बघा. पाचवीपर्यंतच्या शाळेत एकच शिक्षक राहिला, की त्याने पाच इयत्ता एका खोलीत शिकवायच्या. शालेय पोषण आहाराची नोंद त्यानेच ठेवायची, ऑनलाइन माहिती भरण्यासाठी मोबाइलला रेंज शोधत टेकडीवर त्यानेच जायचे. आणि केंद्रात बैठक लागली की शाळेला कुलूप. बहुवर्ग अध्यापन ही एक कला आहे आणि ती शिकता येते, हे मान्य. पण त्या कलेलाही निदान दोन माणसे लागतात. एक पहिली-दुसरीला अक्षरे गिरवायला लावील, तर दुसरा चौथी-पाचवीचा भागाकार घेईल.

हा वीसचा आकडा आला कोठून? २००९ च्या कायद्यात तो नाही. कायद्याच्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतराच्या आत शाळा असावी, असे आहे. महाराष्ट्राने २०११ साली आपले नियम केले, त्यात एक किलोमीटरच्या परिसरात निदान वीस मुले उपलब्ध असावीत, अशी अट आली. ती शाळा स्थापन करण्याची अट होती. चालू शाळा मोडण्यासाठी ती मोजपट्टी म्हणून वापरणे ही वेगळी गोष्ट झाली. तरीही ह्या ना त्या रूपाने पटाचा आकडा पुढे येतच राहिला. २०१७ च्या अखेरीस दहाच्या आत पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षण आयुक्तांनी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. त्या वेळी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा आकडा १४,७८३ असा देण्यात आला होता. त्यांत विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर एका शाळेला सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक पडतात. वित्त विभागाची नजर नेमकी ह्या भागाकारावर आहे.

आणि ह्या योजनेसाठी नमुना म्हणून जी दोन ठिकाणे सांगितली गेली, त्यांतले एक नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ, आणि दुसरे आपल्या वेल्हे तालुक्यातले पानशेत! आसपासच्या लहान शाळांतील मुले एका चांगल्या इमारतीत आणायची, त्यांच्या येण्याजाण्याची सोय करायची आणि खर्चासाठी कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचा आधार घ्यायचा, अशी ती कल्पना. म्हणजे साऱ्या महाराष्ट्राच्या शाळांचा जो प्रश्न आहे, त्याचा नमुना आपल्या दारात आहे. तरी त्यावर निवडणुकीत आपण कोणाला काही विचारले नाही.

समूह शाळेच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही, असे मी म्हणणार नाही. चार मुलांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाही, स्पर्धा नाही, वाचनालय नाही, प्रयोगाचे साहित्य नाही. पाचवीतली एकुलती एक मुलगी वर्षभर एकटीच पाचवीत असते. मोठ्या शाळेत तिला मैत्रिणी मिळतील, इंग्रजीला वेगळा शिक्षक मिळेल. पालकांनाही हे कळते. म्हणून ज्याला परवडते तो मुलांना घेऊन भोरला, नसरापूरला किंवा थेट पुण्याला खोली करून राहतो, आणि वाडीचा पट आणखी घसरतो. पट का घसरला, ह्याचे अर्धे उत्तर शाळेत आहे. पण अर्धे रोजगारात आहे, आणि त्याला शिक्षक जबाबदार नाही.

प्रश्न आहे तो अंतराचा, आणि आपल्या भागात अंतर ही साधी गोष्ट नव्हे. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणे ह्या दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत आहेत. खालची सपाट जमीन पाण्याखाली गेली. काही गावे दूर पुनर्वसनाला गेली, उरलेल्या वस्त्या काठाने वर सरकून विखुरल्या. ह्या भागातल्या लहान लहान शाळांचे एक कारण हे पाणीच आहे. शहराला आणि खालच्या बागायतीला पाणी देताना जी गावे फुटली, त्यांच्या वस्त्यांवर शाळा काढाव्या लागल्या. आता त्याच वस्त्यांना 'तुमचा पट कमी' असे सांगणे मला बरे वाटत नाही. जलाशयापलीकडची शाळा डोळ्यांना दिसते. नकाशावर पट्टी धरली तर अंतर किलोमीटरभरही भरणार नाही. पायी जायचे तर सगळ्या पाण्याला वळसा. आणि जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत ओढे फुगतात, दरड येते, तेव्हा तो वळसाही बंद.

हे कायदा करणाऱ्यांना सुचले नव्हते असे नाही. २०१० च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट म्हटले आहे की अवघड भूभाग, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव अशा ठिकाणी मुलांना धोका होऊ नये म्हणून अंतराची मर्यादा कमी करून शाळा ठेवावी. आणि जेथे शाळा देणे शक्यच नाही तेथे मोफत वाहतूक किंवा निवासाची व्यवस्था करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे सातवे प्रकरणही ह्याच विषयावर आहे. २०१६-१७ साली देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी विद्यार्थी होते आणि एकशिक्षकी शाळा १,०८,०१७ होत्या, हे त्यात नोंदले आहे. पण शाळा एकत्र करणे हा उपाय अत्यंत विवेकाने, आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचण्यावर परिणाम होणार नाही अशी खात्री असेल तरच करावा, असेही तेथेच लिहिले आहे. त्याने सुचवलेले 'शाळा-संकुल' निराळे आहे. शाळा जागच्या जागी राहतात. कला, क्रीडा, भाषा ह्यांचे शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय हे संकुलातील सर्व शाळांत वाटून वापरले जाते. ही सूचनाही नवी नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची ती आहे, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. आपल्याकडे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना नव्वदीच्या दशकापासून आहेच. तिला पैसा आणि फिरते शिक्षक दिले असते तर मुलांऐवजी शिक्षक फिरला असता. संकुलाचा पुरस्कार करणारे धोरण दिल्लीत छापले जाते आणि वाडीपर्यंत येईतो त्याचे विलीनीकरण झालेले असते!

येथे निवडणुकीचीच दुसरी बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे. कोणाही मतदाराला मतदानासाठी दोन किलोमीटरहून अधिक चालावे लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक. त्यासाठी मतदार किती कमी, हे तो बघत नाही. भोर तालुक्यात बुरुडमाळला चाळीसच्या आसपास मतदारांसाठी केंद्र असते. अरुणाचल प्रदेशातल्या मालोगाम येथे २०२४ साली एका बाईच्या मतासाठी कर्मचारी डोंगर चढून गेले, आणि त्याचे देशभर कौतुक झाले. कौतुक व्हायलाच हवे. ज्या राज्यव्यवस्थेला एका मतासाठी इतके चालता येते, तिला दहा मुलांसाठी एक शिक्षक जास्त का वाटावा, हे कोडे मला सुटलेले नाही. मतदान पाच वर्षांतून एक दिवस आणि शाळा वर्षातून दोनशेवर दिवस, म्हणून खर्चाची तुलना होत नाही, असे कोणी म्हणेल. तो हिशेब खरा आहे. पण मत आणि शिक्षण दोन्ही हक्कच आहेत, आणि एका हक्काला पटसंख्येची अट नाही.

शिक्षकाला निवडणुकीचे काम देण्यालाही ह्याच कायद्याचा आधार आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. कलम २७ सांगते की शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावू नये, अपवाद तीन : दहा वर्षांची जनगणना, आपत्तीनिवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद ह्यांच्या निवडणुका. मतदारयाद्यांचे काम सुट्टीच्या दिवशी व शाळेव्यतिरिक्तच्या वेळात करवून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच म्हटले आहे. दोनशिक्षकी शाळेतला एक यादीच्या कामाला आणि दुसरा प्रशिक्षणाला गेला तर काय होते, हे वाडीतल्या कोणत्याही पालकाला विचारावे.

आता आपल्या पोटापाण्याकडे येतो. शिक्षक व्हायचे तर पदविका किंवा पदवी, मग पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम, आणि निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. त्याचे मानधन २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झाले. त्याआधी ते ह्याहून पुष्कळच कमी होते. ही वाट निदान कायम नोकरीपर्यंत जाते. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, निर्णय निघाला की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळेत दोनांपैकी एक शिक्षक कंत्राटी असावा, मानधन १५,००० रुपये. २५ सप्टेंबरला प्राथमिक शिक्षक सामुदायिक रजेवर गेले. तत्पूर्वी दोनच दिवस मर्यादा वीसवरून दहावर आणली गेली होती. पुढे विधानसभेची निवडणूक झाली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हा कंत्राटी नेमणुकीचा निर्णयच रद्द झाला. ह्यातून मी एवढेच घेतले की हे निर्णय दगडावरची रेघ नसतात. बोलणारे असले तर ते बदलतात. महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यातल्या शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षक आणि त्यांना पुरेसा पगार मागितला होता. जवळजवळ दीड शतकानंतर तीच मागणी रजा टाकून करावी लागते!

पण बोलायचे कोठे? शिक्षकांसाठी विधान परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ असतो खरा. मात्र घटनेच्या कलम १७१ प्रमाणे त्यात मत असते ते माध्यमिक व त्यावरील संस्थांतील शिक्षकांना. वाडीवरच्या प्राथमिक शिक्षकाला शिक्षक म्हणून मत नाही. त्याला, आणि त्याच्या शाळेतल्या पोरांच्या आईबापांना, साधे नागरिक म्हणून जे मत आहे तेवढेच.

जाहीरनामे वाचून फार हाती लागत नाही. २०२४ साली काँग्रेसने सरकारी शाळांत बारावीपर्यंत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे आश्वासन दिले; भारतीय जनता पक्षाने पीएमश्री आणि एकलव्य शाळांवर भर दिला. पीएमश्री म्हणजे निवडक शाळा उत्तम करणे. ज्या शाळेची निवड होणार नाही तिचे काय, हे त्यात नाही. आणि काँग्रेसच्या बारावीपर्यंतच्या आश्वासनात सहावीला शिक्षक कोण देणार, हे नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करू, हे १९६८ च्या धोरणात होते, १९८६ च्या होते आणि २०२० च्याही आहे. प्रत्यक्षात २०१७-१८ साली केंद्र आणि राज्ये मिळून तो सुमारे ४.४३ टक्के होता, असे २०२० चे धोरणच सांगते.

म्हणून मला वाटते, आपण खासदारकीच्या उमेदवाराला खासदाराच्या हातात जे असते तेच विचारावे. जिल्ह्यातल्या केंद्रीय योजनांचा आढावा घेणाऱ्या 'दिशा' समितीचे अध्यक्षपद खासदाराकडे असते, आणि समग्र शिक्षा व पोषण आहार तिच्या कक्षेत येतात. त्या समितीपुढे वेल्ह्यातल्या एकशिक्षकी शाळांची यादी ठेवाल का? लांबच्या मुलांना वाहतूक भत्ता वेळेवर मिळतो की नाही, हे विचाराल का? वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी असतो. त्यातून सभामंडपांना किती आणि वर्गखोल्यांना किती? संसदेत प्रश्न विचारता येतो : साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्याचे कलम एखादे राज्य आपल्या निकषांनी बाजूला सारते, तेव्हा केंद्र काय करते? आणि पानशेतचा नमुना सर्वत्र न्यायचाच असेल, तर आधी तेथील मुलांची हजेरी, बसचा खर्च पुढे कोण देणार, आणि ज्या वाड्यांतून मुले येतात तेथल्या किती मुली सातवीनंतर शिकत राहिल्या, ही माहिती जाहीर करा, अशी मागणी करता येते. कंपनीचा निधी आज आहे, उद्या नसेल. बस बंद पडली तर मोडलेली शाळा पुन्हा उभी करायला वीस मुलांची अट आडवी येईल.

हे प्रश्न विचारायला मोठी सभा लागत नाही. प्रचाराच्या गाड्या वाडीपर्यंत येतातच, आणि पाहुणे उतरतात तेही बहुतेक शाळेच्याच पटांगणात.